चार टायर आणि शेजारची जागा

नौपाडा, ठाणे
फेब्रुवारी १९५६

प्रिय व्हेरोनिका,

आपली घरं हाकेच्या अंतरावर, आणि ही बाई पत्र लिहिते, म्हणून तू हसशील. पण तू समोर आलीस की मला नीट बोलता येत नाही. तू हसत हातावर केकचा तुकडा ठेवतेस आणि मनात जुळवलेलं सगळं मी विसरते. शाळेत घालण्याआधी बाबांनी मला घरीच शिकवलं. ते कल्याणच्या कोर्टात कारकून. एखादी गोष्ट खरी की आपल्याला नुसती तशी वाटते, हे कळत नसेल तर ती लिहून बघावी, ही त्यांची शिस्त.

तुझा भाऊ पर्सी आफ्रिकेला जाताना ती दोन माणसांची उघडी लाल गाडी यांना विकून गेला. तेव्हापासून सासूबाई म्हणतात, आमच्या घरात दोन सुना आहेत, थोरली सुमेधा आणि लाडकी ती लाल. मी त्या गाडीत फक्त दोनदा बसले. दुसऱ्यांदा वाऱ्याने डोक्यावरचा पदर उडाला आणि नेमक्या सासूबाई गॅलरीत होत्या. तू मात्र रोज बसतेस. तुझा दवाखाना कोलशेतला, यांचा कारखानाही तिथेच. तू बसची वाट बघत उन्हात उभी राहावीस आणि यांनी शेजारची जागा रिकामी न्यावी, हे बरं दिसत नाही, असं मीच यांना सांगितलं होतं. सांगून झालं आणि मला जेवण गेलं नाही.

सकाळी तू फाटकातून यांना हाक मारतेस, नावाने, वर ‘अरे’ घालून. ते नाव मी एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. तू ते भर रस्त्यात घेतेस, कोथिंबिरीची जुडी मागावी तसं. मी तेव्हा आत कणीक मळत असते. हल्ली आमच्या पोळ्या वातड होतात, त्याचं कारण सासूबाईंना सापडत नाही.

गेल्या आठवड्यात बाळकुमच्या पुढे, बैलगाड्यांतून सांडलेल्या रेतीवर गाडी घसरली आणि मिठागराच्या बांधाला जाऊन टेकली, हेही मला तूच सांगितलंस. यांनी अक्षर काढलं नव्हतं. भीती मला नंतर वाटली. आधी मनात आलं ते हे, की यांच्या जिवावर बेतलेलं तुला ठाऊक आणि मला नाही.

टायर पार गुळगुळीत झालेत, हे मी त्या दिवशी हात फिरवून पाहिलं. यांनाही ते पटलंय, पण यांना हवेत शर्यतीचे, मुंबईच्या दुकानात बघून आलेत ते. गाडी दुरुस्त करणारा दगडू म्हणतो, टॅक्सीला घालतात तसले जाड दणकट घ्या साहेब, मग वर्षानुवर्षं बघायला नको. दुकानातून आणलेली इंग्रजी माहितीपत्रकं मी शब्दकोश घेऊन वाचून काढली. शर्यतीचे टायर चांगले तापले की मगच रस्ता घट्ट धरतात. नौपाड्यापासून कोलशेतपर्यंत ते तापायचे कधी? जाड टायर जड गाडीसाठी. ही गाडी इतकी हलकी की तिच्या वजनाने ते दबणारच नाहीत, प्रत्येक खड्ड्याला ती नुसती उडेल. तिला साधेच टायर हवेत, रोजच्या वापराचे, मऊ कडांचे, खोल खाचांचे, आणि माप आहे तेच. यांना सांगितलं तर म्हणाले, “अगं, साडी निवडायची नाहीये. व्हेरोनिकाला विचारतो, पर्सीची गाडी तिनेही चालवलीय.”

मग मी स्वतःलाच तपासलं. जाड टायर लागले तर तुझ्या जागेवर असे हादरे बसतील की चार दिवसांत तू आपण होऊन बसने जाशील. हा विचार मला सुचला, आणि बराच वेळ आवडलाही. म्हणून सगळी पत्रकं पुन्हा पहिल्यापासून वाचली, तू त्या गाडीत बसतच नाहीस असं धरून. मग तू रोज बसतेस असं धरून. उत्तर तेच आलं.

शनिवारी हे मुंबईला टायर आणायला जाणार, त्याआधी तुला विचारतील. मी सांगितलेलं हे ऐकणार नाहीत, तू सांगितलेलं ऐकतील. हे लिहायला आवडत नाही, पण खरं आहे. माझं मत बरोबर होतं असं कुणी म्हणावं, यापेक्षा हे संध्याकाळी धडधाकट घरी यावेत, एवढंच मला हवंय. तेव्हा माझं मत तुझं म्हणून सांग, माझं नाव काढू नकोस. भाजीवाल्या बायजाबरोबर चिठ्ठी पाठवते, वाचून चुलीत घाल. उद्या सकाळी नेहमीसारखी फाटकातून हाक मार. काय म्हणायचं ते तुझ्याच पद्धतीने लिहून देते, उखाण्याशिवाय पहिल्यांदाच: अरे आनंद, ते शर्यतीचे नकोत आणि दगडूचेही नकोत, साधे, मऊ कडांचे, खोल खाचांचे घे. जरा मोठ्याने म्हण. मी आत कणीक मळत असेन, मला ऐकू यायला हवं.

शनिवारपर्यंत तरी तुझीच,
सुमेधा