गोगलगायीचं उजवं चाक

ता. ४ ऑक्टोबर

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण वर्कशॉपातल्या मशिनींनी तुझे कान खाल्लेत आणि तुझ्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकवायचं. त्यात आई शेजारच्या खोलीत असते.

काम असं आहे. मागच्या शेडमधली आपली कॅरॅव्हॅन मी बाहेर काढतेय. हो, तीच, गाडीमागे जोडून न्यायचं आपलं दोन चाकांचं घर, गोगलगाय. अपघातानंतर बाबांनी गॅरेजवाल्याकडून तिला दुसरं चाक लावून घेतलं, घरी आणून ताडपत्री टाकली आणि नऊ वर्षांत तिला पुन्हा कुणी हात लावला नाही. आता तर बाबांना जाऊनही मार्चमध्ये दोन वर्षं होतील. अपघातात मोडलेला आईचा पाय आहे तसाच आहे. जिना उतरताना आधी कठडा धरते, मग जिन्याला दोन शब्द सुनावते, मग उतरते.

गेल्या महिन्यात मात्र तिने एकाएकी जाहीर केलं की मला एकदा समुद्र बघायचाय, आणि हॉटेलच्या गादीवर माझी कंबर धरते. गोगलगायीतली गादी चालेल का, असं मी विचारलं. म्हणाली, चालेल, पण त्या गाडीला मिस्त्रीचा हात लागता कामा नये.

मिस्त्री म्हणजे तूच. तेव्हा हात लावू नकोस, नुसतं लिहून कळव. मी दिवसभर कवळ्या बनवते, केसाएवढा फरक मला बोटाला कळतो, पण चाकातलं ओ की ठो कळत नाही. समुद्रापर्यंत दोनशे दहा किलोमीटर आहेत आणि आई पुन्हा खड्ड्यात जाता कामा नये.

तुझ्या लोभाला गंज चढला नसेल असं धरून चालते.

तुझी,
भिंगरी


ता. ९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हल्ली मी गॅलरीत बसून समोरच्या बस डेपोतल्या लोकांच्या चुका काढतो. आता तुझ्या काढीन.

आधी टायर. नक्षी शाबूत दिसते म्हणून भुलू नकोस. नऊ वर्षं एका जागी उभा असलेला टायर आतून बिस्कीट झालेला असतो, दोन्ही बदल. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर आता तो चिकटून बसला असणार. यापुढे उभी करताना ब्रेक सोडायचा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे. बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरून घे. गॅसची रबरी नळी फेकून दे, कितीही चांगली दिसली तरी. नवी जोडलीस की सांध्यावर साबणाचं पाणी लाव, बुडबुडा आला तर पेटवू नकोस.

टायर बदलता येतात, पण ओलीने भिंत कुजली की कॅरॅव्हॅन संपली. आतला प्रत्येक कोपरा अंगठ्याने दाबून बघ. उजव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात हमखास सापडेल, तिथली खिडकी मी दोनदा काढून बसवली आहे. बॅटरीचं दारही उजव्या बाजूलाच आहे. आणि गाडी चालू असताना आईला कॅरॅव्हॅनमध्ये बसवायचं नाही, कितीही पाय दुखला तरी.

राहिलेल्या गोष्टीविषयी एकदाच लिहितो. ज्या चाकाचं बेअरिंग मी बदललं होतं, त्याचे नट पन्नास किलोमीटरवर पुन्हा आवळ, अशी चिठ्ठी मी तुझ्या बापाला दिली होती. तेच चाक निखळलं. तो म्हणाला, आवळले होते. मी त्याला दवाखान्यात चार लोकांत खोटारडा म्हटलं. अक्का म्हणाली, माझ्या नवऱ्याला खोटारडा म्हणणाऱ्याचं तोंड मला बघायचं नाही. तेव्हापासून बघितलेलं नाही. माझं मत आजही तेच आहे. तुझा बाप लाख चांगला होता, पण आळशी होता.

ब्रेक तपासल्याशिवाय अक्काला न्यायचं नाही. माझं नाव घ्यायचंही नाही.

मन लावून काम कर, लोभ आपोआप राहील.

मामा


ता. १६ ऑक्टोबर

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा आळशी नव्हते. सावकाश होते. पण तुझ्याशी भांडायला मला सध्या वेळ नाही.

हँडब्रेक तू म्हणालास तसाच फेविकॉल लावल्यासारखा बसला होता. गॅरेजवाल्याने सोडवला, बेअरिंगसाठी टायरवाल्याबरोबर पुन्हा येणार आहे. गॅसची नळी नवी जोडली. साबणाचं पाणी लावताना आईने पाहिलं आणि म्हणाली, आधी घरातली भांडी घास. सामानाची यादी तिने स्वतः केलीय. त्यात इस्त्री, मिक्सर, चौदा कप आणि तिची शिवणाची मशीन आहे. चौदा कप कुणासाठी, असं विचारलं तर म्हणाली, समुद्रावर कुणी भेटलं तर!

आता ओल. उजवा मागचा कोपरा मी दाबून, वाजवून, हुंगून पाहिला. ठणठणीत कोरडा. डाव्या मागच्या कोपऱ्यात मात्र अंगठा पहिल्या पेरापर्यंत आत गेला. बॅटरीचं दार शोधत मी उजव्या बाजूला दोन फेऱ्या मारल्या, तेही डावीकडे निघालं. तुझं वय झालं म्हणावं, तर खिडकी दोनदा काढल्याचं तुला बरोबर आठवतंय.

आमच्या दवाखान्यात उजवी दाढ म्हणजे पेशंटची उजवी. आपण त्याच्या समोर उभे असतो, म्हणजे आपल्या डाव्या हाताला येते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एका हेडमास्तरांची कवळी भलत्या बाजूची करून ठेवली होती. म्हणून विचारते, तू उजवं म्हणतोस ते नक्की कुठे उभं राहून?

उत्तर लवकर दे, रागवायचं असेल तर पुढच्या पत्रात रागव.

तुझी,
भिंगरी


ता. २१ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुला पंचवीस वर्षं शिकवून डावं-उजवं कळेना, आता मी काय करू! कॅरॅव्हॅन वर्कशॉपात मागच्या पायाने, म्हणजे शेपटी आधी आत ढकलून घेतात. तिचं तोंड आपल्याकडे, आपलं तोंड तिच्याकडे. अशा वेळी माझ्या उजव्या हाताला येते ती उजवी बाजू. माझ्या उस्तादांनी असंच शिकवलं, मी छत्तीस वर्षं असंच बोललो, हाताखालच्या सगळ्यांना असंच कळायचं. तुझ्या दातांचा कायदा दातांपाशी ठेव.

तो कोपरा उघडून महिनाभर वाळू दे, वरून घाईने पट्टी मारलीस तर आत भुसा होईल. खिडकीच्या कडेचं जुनं सील खरवडून नवं भर.

सामानाचं सांगतो. जड वस्तू खाली आणि चाकांच्या वर, मधोमध. मागच्या टोकाला जड ठेवलंस की ती शेपटी हलवायला लागते आणि ओढणाऱ्या गाडीलाही सोबत नेते. शिवणाची मशीन घरी. चौदा कपांपैकी चार, तेही न फुटणारे. एक जाड बुडाचं पातेलं, एक तवा. वजन करायचा काटा असेल तर त्यावर लाकडाचा ठोकळा ठेव आणि गाडीला जोडायचं पुढचं नाक त्यावर टेकव. फार हलकं भरलं तर सामान थोडं पुढे सरकव, पण गाडीच्या कागदांत लिहिलंय त्याहून जास्त नको. जमिनीतली हवेची जाळी थंडी वाजते म्हणून कापडाने बुजवायची नाही. तेवढी एक गोष्ट अक्का नक्की करेल, लक्ष ठेव.

चाकं बसवल्यावर पन्नास किलोमीटरवर थांबून नट आवळ. तू तरी आवळ.

डावं-उजवं सुधारलं की लोभ वाढवीन.

मामा


ता. २५ ऑक्टोबर

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

तुझं पत्र घेऊन मी शेडमध्ये गेले. गोगलगायीच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूला, तुझी चिठ्ठी अजून चिकटवलेली आहे. पट्टी पिवळी पडलीय, पण अक्षर स्वच्छ आहे. जशीच्या तशी उतरवते. “उजव्या चाकाचं बेअरिंग बदललं आहे. पन्नास किलोमीटरवर थांबून त्याचे नट पुन्हा आवळणे. मिस्त्री.”

निखळलं ते डावं चाक, मामा. गाडी चालवणाऱ्याचं डावं. गॅरेजवाल्याने लावलेलं दुसरं चाक त्याच बाजूला आहे. म्हणजे तुझं उजवं.

मग मी उजव्या चाकापाशी बसले. आमच्या उजव्या. बाबांची सवय तुला आठवत असेल. नट आवळला की ते त्यावरून आणि चाकावरून एक सरळ रेघ ओढायचे, नट सरकला तर रेघ तुटलेली दिसते. शिडी, सायकल, पंखा, सगळीकडे त्यांच्या रेघा होत्या आणि सगळ्या आईच्या लाल नेलपॉलिशच्या. त्यावरून आई किती बोलायची! त्या चाकावरची धूळ मी ओल्या फडक्याने पुसली. पाच नट आहेत. पाचांवर लाल रेघा आहेत, आणि पाचही सरळ आहेत.

बाबांनी चिठ्ठी वाचली होती. लिहिलं तसंच केलं होतं. ते खोटं बोलले नव्हते. शेडमध्ये मी खूप रडले, हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

येत्या गुरुवारी टायरवाला येतोय. तो नट सोडवेल आणि रेघा तुटतील. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगायचं असेल तर तू सांग. गुरुवारच्या आत.

तुझी,
भिंगरी


ता. २७ ऑक्टोबर

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र न वाचता फाडू नकोस. फाडायचं असेल तर आधी शेडमध्ये जा, उजव्या चाकावरच्या पाच रेघा बघ आणि मग फाड.

चूक माझी होती. मी कॅरॅव्हॅनच्या समोर उभा राहून उजवं म्हणतो, तुम्ही आत बसून उजवं म्हणता. वर्कशॉपात कुणाला कधी विचारावं लागलं नाही, म्हणून वर्कशॉपाबाहेरच्या माणसाला ते सांगायला हवं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. भावजींनी माझं लिहिलेलं अक्षरन् अक्षर पाळलं. भांडताना मी म्हणत होतो, सांगितलेलं चाक निखळलं. ते म्हणत होते, सांगितलेलं चाक आवळलं. दोघंही खरं बोलत होतो आणि कोणतं चाक, एवढा एक शब्द दोघांपैकी कुणी तोंडातून काढला नाही.

त्यांनी मला म्हटलं होतं, जाऊन रेघा बघ. मी कॅरॅव्हॅनपाशी गेलो. निखळलेल्या चाकाच्या जागी नटच नव्हते, तर रेघा कुठल्या दिसणार! तसाच परत येऊन मी त्यांना खोटारडा म्हटलं. चार पावलं पलीकडे दुसरं चाक होतं, तिकडे मी गेलो नाही. अक्का, मला आता तीच चार पावलं दिसतात.

तुझा पाय माझ्या शब्दाने मोडला. त्यांची माफी मागायला मला उशीर झाला, म्हणून तुझी मागतो. मला त्याची लाज वाटते.

लोभाविषयी लिहायचा मला अधिकार नाही.

तुझा धाकटा


ता. ३१ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र बुधवारी आलं. भिंगरी दोन दिवस टपालवाल्याच्या वाटेवर डोळे लावून का बसली होती, ते कळलं. तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे पत्रं लिहिता, तेही समजलं. तिला जे बोलायचं ते बोलून झालंय, तुला समोर बोलेन.

मी शेडमध्ये गेले. पालथ्या बादलीवर तासभर बसले. तो रंग माझाच आहे, आता मिळत नाही. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला ते नट आवळत होते आणि मी बाटली धरून उभी होते. वरून मी म्हटलंही होतं की माझी अर्धी बाटली तुमच्या चाकाला गेली. ते हसले होते. दवाखान्यात पाय प्लास्टरमध्ये असताना हेच मी तुला ओरडून सांगत होते, पण तुला तेव्हाही ऐकू येत नव्हतं.

माफ केलं, असं लिहीत नाही. ते शेवटपर्यंत म्हणत होते की मिस्त्रीला राग आलाय, उतरेल. तुझ्या वाटेकडे सात वर्षं बघितलं त्यांनी. हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. ते गेले तेव्हा तू खालच्या रस्त्यावर उभा राहून परत गेलास, हेही मला माहीत आहे. भिंगरीने खिडकीतून पाहिलं होतं.

गुरुवारी टायरवाल्याने माझ्यादेखत नट सोडवले. मी अडवलं नाही. त्या रेघा बघायच्या होत्या त्या बघून झाल्या.

कोपरा वाळायला महिना लागेल, असं तूच म्हणालास म्हणे. तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही निघू. शिवणाची मशीन राहू दे, कप मात्र सहा घेतलेत. पन्नास किलोमीटरवर थांबून नट आवळायचे असतात. भिंगरीने नकाशात मोजलं, पन्नास किलोमीटर तुझ्या त्या बस डेपोपाशी भरतात. दहा वाजता खाली येऊन उभा राहा. पाना घेऊन ये आणि दोन्ही चाकं आवळ. कपडेही घेऊन ये, चार दिवसांचे.

आणि गाडीच्या तोंडासमोर उभा राहू नकोस. माझ्या शेजारी येऊन उभा राहा, म्हणजे तुझं उजवं आणि माझं उजवं एकच होईल. नेलपॉलिशची नवी बाटली आणलीय. रेघा मी ओढीन.

लोभ कधी आटला नव्हता, म्हणून तो असावा असं लिहीत नाही.

अक्का