वीतभर कापलेला पट्टा

करामा, दुबई
२० फेब्रुवारी २००९

प्रिय प्रमिलाताई,

सा. नमस्कार. शैलेंद्रभावजी सांगलीची रजा संपवून परत आले आणि तुम्ही त्यांच्याबरोबर दिलेल्या तिळाच्या वड्या पोचल्या. ईश्वरीनं डबा स्वतःच्या ताब्यात घेतलाय, मलासुद्धा तिला विचारूनच वडी मिळते. हवा अजून बरी आहे, संध्याकाळी गॅलरीत बसवतं. निनाद, तुमचा लाडका भाऊ, ठीक आहे, कामात असतो. त्याच्या ऑफिसात मात्र फोन करू नका हं. या मंदीनं तिथे सगळ्यांचीच डोकी फिरलीत. घरी तरी कशाला फोनचा खर्च? मीच पत्र लिहीत जाईन.

एक बातमी आहे. मी नोकरीला लागलेय. ईश्वरी आता मोठी झाली, दिवस जाता जात नाही, म्हणून. मॉलमध्ये बायकांच्या कपड्यांचं मोठं दुकान आहे, तिथे पट्टे, पर्सा, स्कार्फ यांच्या विभागात उभी असते. बीकॉमचा तिथे काडीचा उपयोग नाही, पण हिंदी-इंग्रजी बोलता येतं आणि दिवसभर उभं राहता येतं, तेवढं त्यांना पुरलं.

आता खरं रडगाणं. हे तुम्हालाच सांगू शकते, कारण लग्नापासून माझी ब्लाउजं तुम्ही शिवलीत, माझ्या अंगाचं माप तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. दुकानाचा नियम असा की काळी पँट, पांढरा शर्ट आणि त्यावर या सीझनचा पट्टा घालायचा. या सीझनचा पट्टा म्हणजे काय, तर पंजाभर रुंद इलॅस्टिकची पट्टी आणि पुढे बशीएवढं बकल. उंच, सपाट मुलींना तो छान दिसतो. आमच्याकडच्या फिलिपिनो आणि युक्रेनियन मुली घालतात तेव्हा गिऱ्हाईक वळून बघतं. मी चार फूट दहा इंच. छाती संपते आणि नितंब सुरू होतात त्यामध्ये देवानं मला जेमतेम चार बोटं जागा दिलीय. ती सगळी हा पट्टा खातो! उभी राहिले तर वरची कड फासळीला टोचते, वाकले तर खालची पोटात रुतते. आरशात बघितलं तर मधोमध दोरी बांधलेलं गाठोडं. मी पट्टा घातलाय की पट्ट्यानं मला घातलंय, तेच कळत नाही.

बरं, दुसरा घ्यावा तर माझ्या मापाचा मिळत नाही. छोट्या मापाचा पट्टा कंबरेला होतो, पण तो इतका नाजूक की शर्टावर दिसतच नाही. मोठा घेतला तर कंबरेवर ठरत नाही, घसरून नितंबांवर येऊन बसतो आणि माझे पाय आहेत त्याहून आखूड दिसतात. आमची सुपरवायझर खतीजा हैदराबादची आहे. तिला सांगितलं तर म्हणते, "मेरेको नक्को बोलो, कंपनी का रूल है." चेंजिंग रूममध्ये परवा मी तो पट्टा काढून भिंतीवर आपटला. नोकरी करणारी अडतीस वर्षांची बाई! चिडून रडूच आलं मला.

तर ताई, तुम्ही सांगा. माझ्यासारखीनं कसला पट्टा घालावा? का घालूच नये?

ती. अण्णांना नमस्कार.

तुमची,
सौ. संपदा


१३ मार्च २००९

प्रिय प्रमिलाताई,

तुमचं पत्र काल मिळालं. आधी पट्ट्याचं तुम्ही लिहिलंत ते पाचदा वाचलं. रुंदी दोन बोटांहून जास्त नको, कापड किंवा चामडं मऊ हवं, बकल लहान आणि शक्यतो त्याच रंगाचं, आणि जिथे अंग आत जातं तिथेच बांधायचा, खाली ढकलायचा नाही. उरलेलं टोक लोंबत ठेवायचं नाही. "तुझी कंबर बारीक आहे, ती इतकी वर्षं ढगळ कुडत्यात लपवून ठेवलीस," असंही लिहिलंत. निनादच्या घरातल्या कुणी माझ्या अंगाबद्दल असं चांगलं बोललेलं मला आठवत नाही. तो स्वतः मला लाडानं 'डबी' म्हणतो.

आणि मग तुमची शेवटची ओळ. ऑफिसात फोन केलातच. "निनाद नावाचं इथे कोणी नाही," असं सांगितलं त्यांनी.

आता लपवून काय करू? जानेवारीतच त्याची नोकरी गेली. ज्या टॉवरचं काम तो बघत होता तो अर्धवट टाकून टॉवरचे मालक पळाले आणि कंपनीनं त्या कामावरची सगळी माणसं काढली. त्याला थोडी मुदत दिलीय. ती संपली की व्हिसा संपला, त्याच्या व्हिसावर असलेल्या ईश्वरीचाही संपला. म्हणून मी नोकरी धरली. वेळ जात नाही म्हणून कोण आठ तास उभं राहील, ताई? तुम्हाला कळवायचं नाही अशी त्यानं ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. आणि फोन करत नव्हते ते खर्चामुळे नव्हे. एका खोलीचं घर, तो दिवसभर त्याच खोलीत. बोलणार कुठून?

सकाळी मी आंघोळ करून तयार होते तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. संध्याकाळी येते तेव्हाही त्याच पायजम्यात. पहिले पंधरा दिवस त्यानं सगळीकडे अर्ज धाडले. नंतर नाही. मी "कुणाला फोन केलास?" विचारलं की म्हणतो, "इन्शाल्ला, होईल." देवाधर्माचं नाव न घेणारा माणूस, ताई! त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि आता जे झालं ते सांगते. तुमचं पत्र मिळायच्या आधीची गोष्ट आहे. त्याचा ऑफिसचा पट्टा दाराच्या खुंटीला लटकत होता. काळा, मऊ, दोन बोटं रुंद, लहानसं बकल. रोज घरातून निघताना तो माझ्या खांद्याला लागायचा. एका सकाळी सहज शर्टावर बांधून बघितला आणि आरशासमोर थांबलेच. मला कंबर होती! फक्त पट्टा लांब होता. मी तो पर्समध्ये टाकला, खालच्या मोच्याकडे दिला. त्यानं बकल काढलं, वीतभर चामडं कापलं, बकल परत बसवलं. त्या दिवशी खतीजानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ती पुढच्या रॅककडे गेली.

निनादला मी विचारलं नाही. दोन महिने ज्या वस्तूकडे त्यानं ढुंकून बघितलं नव्हतं, ती विचारायची कशाला, असं वाटलं.

आणि त्याच आठवड्यात शैलेंद्रभावजींनी मित्राखातर त्याच्यासाठी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात मुलाखत ठरवली. निनाद उठला, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मला इतका आनंद झाला होता की मी शिरा केला. तेवढ्यात तो म्हणाला, "माझा बेल्ट कुठे गेला?"

तो माझ्या कंबरेला होता, ताई.

मी सोडून त्याच्या हातात दिला. त्यानं बांधून बघितला. टोक बकलपर्यंत पोचेना. तो वाळलाय इतका की पँट तशीच घसरत होती, पण पट्टा तरी पुरेना.

"कापलास?"

"मला वाटलं तुला लागत नाहीये."

"बरोबर," तो म्हणाला. "मला आता लागणार नाही, हे तू ठरवून टाकलंस."

"निनाद, दोन महिने तो खुंटीवर—"

"ठरवलंस तर ठरवलंस."

शर्ट बाहेर सोडून, एका हातानं पँट सावरत तो गेला. संध्याकाळी परत आला आणि म्हणाला, "नाही झालं. अशा अवतारात कोण घेणार?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्या दिवसापासून माझ्याशी बोललेला नाही. एका पट्ट्यानं माणसाची नोकरी जाते का हो? सांगा ना. मी दिवसभर दुकानात तोच प्रश्न घोळवत उभी असते. नवीन पट्टा आणून दिला, तो पिशवीतून काढलासुद्धा नाही.

तुम्ही त्याला यातलं काही विचारू नका. पण काय करू ते मला सांगा.

संपदा


१७ एप्रिल २००९

प्रमिलाताई,

तुम्ही लिहिलंत, "त्याला माझ्याकडे पाठव. आणि तूही ये." पहिलं करतेय. दुसऱ्याबद्दल लिहायला बसलेय आणि मघापासून टोपण काढते नि लावते.

आधी त्याच्याबद्दल. मागच्या शुक्रवारी शैलेंद्रभावजींचा फोन आला तेव्हा निनाद ईश्वरीला घेऊन खाली गेला होता. मी म्हटलं, "भावजी, त्या कारखान्यात आणखी एकदा विचाराल का? त्या दिवशी माझ्यामुळे त्याचा सगळा अवतारच बिघडला होता." त्यांनी आधी निनाद घरात आहे का ते विचारलं. मग म्हणाले, "वहिनी, तो आत गेलाच नाही. मी गेटवर वाट बघत होतो. टॅक्सीतून उतरला, माझ्याकडे बघितलं आणि त्याच टॅक्सीत बसून परत गेला. नंतर फोन करून कुणाला सांगू नको म्हणाला."

ताई, महिनाभर मी त्या वीतभर चामड्याचं ओझं वाहत होते! जेवताना, झोपताना, गिऱ्हाइकाला बकल लावून देताना. पहिल्यांदा इतका संताप आला की हातातली कढई जोरात आदळली. मग तो वर आला, ईश्वरीचा हात धरून, चपला नीट जोडून ठेवल्या, आणि मला एकदम दिसलं की हा माणूस घाबरलाय. चिडलेला नाही, घाबरलाय. बाहेर कुणी "काय करता?" विचारेल याला घाबरलाय. मी त्याला काही बोललेले नाही. मला कळलंय हे त्याला कधी कळू देऊ नका. पट्ट्याचं कारण राहू दे त्याच्यापाशी. त्याला काहीतरी कारण हवंय आणि ते मला परवडतं.

त्याच संध्याकाळी मीच विषय काढला. म्हटलं, ताईंनी बोलावलंय, जा.

"आपण सगळेच जाऊ," तो म्हणाला. महिन्यानंतरचं पहिलं सरळ वाक्य. "मी तिकडे बघेन काहीतरी."

"आणि मी?"

"तू काय? आधी करत होतीस तेच."

"आधी मी काही करतच नव्हते, निनाद."

"इथे पट्टे विकण्यासाठी राहणार तू?"

"हो," मी म्हटलं. इतकं चटकन म्हटलं की आम्ही दोघंही दचकलो.

ताई, तुम्हाला वाटेल पगारासाठी. पगार आहेच, तिकडे पाठवायला लागणारच आहे. दुकानानं मला माझा व्हिसा दिलाय. पण या पगारावर मला मुलीचा काढता येत नाही, ते विचारून आले, दोनदा विचारून आले. तरीही मला राहायचंय. मला स्वतःला राहायचंय, हे मी पहिल्यांदाच लिहितेय.

दुकानात आता माझ्यासारख्या बायका मला शोधत येतात. बुटक्या, भरलेल्या, प्रत्येक दुकानातून चिडून बाहेर पडलेल्या. परवा एक इथली बाई आली, मुलीच्या लग्नासाठी पट्टा हवा होता. ट्रायल रूममध्ये वरचा काळा पायघोळ अबाया काढून उभी राहिली तर माझीच बहीण. तिनंही पंजाभर रुंद पट्टा निवडला होता आणि आरशाकडे असं बघत होती की जणू आरशानं तिला शिवी दिलीय. मी तो सोडवला, झग्याच्याच रंगाचा बारीक पट्टा दिला, छातीखाली जिथे अंग आत जातं तिथे बांधला, टोक आत खोचलं. ती वळून वळून बघत राहिली. मग म्हणाली, "खलास," म्हणजे इथल्यांच्या भाषेत झालं, ठरलं, "धिस वन." आणि माझा गाल धरून हलवला. खतीजा लांबून बघत होती. नंतर म्हणाली, "कंपनी का बेल्ट फोटो के वास्ते है, संपदा. तुम तुम्हारा पहनो." एवढंच. बढती नाही, काही नाही. पुढच्या महिन्यात आमच्यातल्या आणखी काही मुलींना काढणार आहेत म्हणतात, त्यात मीही असेन. पण त्या दिवशी बसमधून येताना मी खिडकीच्या काचेत स्वतःला बघत आले.

ईश्वरीला मीच सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आर वी गोइंग, ऑर ओन्ली मी अँड बाबा?"

"तू आणि बाबा. आत्याकडे. मी सुट्टीत येईन."

"ओके," ती म्हणाली आणि शाळेचे मोजे घडी करायला लागली. रडली असती तर बरं झालं असतं. मी चिडून म्हटलं, "मराठीत बोल ना गं माझ्याशी!" मोजे घडी करतच ती म्हणाली, "मराठीत मला रडायला येतं."

ताई, तेव्हापासून मी दिवसातून दहादा ठरवते की नोकरी सोडायची आणि दहादा मोडते. चिडते कुणावर? निनादवर चिडावं तर तो त्याची पँट मुठीत धरून गेटवरून परतताना दिसतो. त्या टॉवरवाल्यांवर चिडावं तर ते कुठे पळाले कुणाला माहीत. तुमच्यावरही चिडले एकदा, "तूही ये" इतकं सोपं कसं लिहिलंत म्हणून. मग स्वतःवर, की एवढं सोपं असूनही मी येत नाहीये.

गुरुवारी दोघं निघतात. शैलेंद्रभावजी विमानतळावर सोडतील, मी दुकानातून परस्पर जाईन, रजा मिळाली नाही. मी खतीजाच्या फ्लॅटमध्ये एक कॉट घेतलीय. निनादला दोनचार दिवस काही विचारू नका. सकाळी लवकर उठवा मात्र. अण्णांबरोबर मंडईत पाठवा, पिशवी हातात द्या. तुम्ही सांगितलेलं तो ऐकतो, आई गेल्यावर तुम्हीच त्याला वाढवलंत. मी बायको होऊन जे मागू शकत नाही, ते तुम्ही बहीण म्हणून मागा.

ईश्वरीला तिकडच्या शाळेत मुलं तिच्या बोलण्यावरून हसतील. हसू देत, तुम्ही हसू नका. दूध तिला सायीसकट चालत नाही. ती माझ्यासारखीच होणार आहे, ठेंगणी आणि भरलेली, आत्ताच खांद्यावरून कळतं. अंग भरायला लागलं की तिला ढगळ कपडे घालू नका. आणि कुणी लाडानंसुद्धा तिला डबी म्हणायचं नाही, निनादनंही नाही. एवढं माझ्यासाठी करा.

माझ्यावर रागावला असाल तर रागवा. पण तो राग तिच्यापर्यंत पोचू देऊ नका.

जिची मुलगी गुरुवारपासून तुमच्या कुशीत झोपेल,
ती संपदा