डिकीतला सबवूफर

चिमणे,

मी बसने कामावर चाललोय, गाडी तुझ्यासाठी ठेवलीय. किल्ली फ्रीजवर आहे. काल डिकीत सबवूफर बसवला, तो ठेका घुमवणारा मोठा स्पीकर. बॅटरीपासूनची वायर पायपुसण्याखालून नेलीय, तिच्यात पाय अडकवू नकोस. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, हवा तेवढा आवाज कर.

परवा डॉक्टर म्हणाले की उरलंसुरलं ऐकू येणंही जाईल, तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी आपला खिडकीबाहेर. वर घरी येऊन तुझ्यावरच खेकसलो, "दहा हाका मारल्या, कान फुटले का तुझे?" तोंडातून निघून गेलं गं. ऐकू आलं नसेल म्हणून हायसं वाटलं, पण तू माझ्या ओठांकडे बघत होतीस. चुकलं माझं.

मागच्या सीटवर पाठ टेकून बस आणि तुझं ते आवडतं गाणं लाव. मी कानांत कापूस कोंबून, वरून हात दाबून बघितलं. ठेका थेट पाठीत उतरतो, छातीत धडधडतो. गाणारीचा आवाज मात्र काही केल्या येत नाही. सगळ्या वायरी दोनदा काढून लावल्या, पण तेवढं तुझ्या बाबाला जमलं नाही.

— बाबा