पुण्याला जाणारं पीठ

इस्लामपूर, शुक्रवार, संध्याकाळ

आज ज्वारी दळून आणली, पुण्याच्या एस्टीत द्यायच्या पिशवीचं तोंड शिवलं, तेवढ्यात संदीपचा फोन. "आई, या टायमाला पीठ पाठवू नगंस."

त्याच्या कॉम्प्युटरच्या डिग्रीत यांची फौजेची पेन्शन गेली. नोकरी लागली, तरी खोलीभाडं देऊन त्याच्या हातात काही उरत नाही, म्हणून पीठ इथूनच जातं. हे नेहमी म्हणतात, "पीठ बंद झालं की डिग्री वसूल." त्यामुळं मी हरखून विचारलं, "पगार वाढला व्हय रं?"

तो म्हणाला, "न्हाई गं. कंपनीनं काढलं. रविवारी घरी येतोय."

यांना अजून सांगितलं नाही. कसं सांगू? उद्या धाकट्या स्वातीची त्याच डिग्रीची फी भरायची, सांगलीच्या कॉलेजात. तिला जाऊ नको म्हणू? मग करायचं तरी काय तिनं?

फोन तिनं ऐकला होता. मघाशी पिठाची पिशवी उचलून बघत होती. म्हणाली, "आई, सांगलीत मला एवढं पीठ लागायचं न्हाई. मी भातावर भागवीन."