घुबडाला ळ येत नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी साडेदहा
ही वही एक जानेवारीला सुरू करणार होतो. आधी पेन सापडेना. पेन सापडलं तेव्हा वही सापडेना. मग बघता बघता मार्च. टाळाटाळ झाली, कबूल. पण मोठी कामं उशिराच सुरू होतात.

आजपासून नीट लिहायचं, कारण आजपासून मी ताईचा आयटी मॅनेजर आहे. पद मीच सुचवलं. ताई म्हणाली, आधी केर काढ.

नीट म्हणजे पहिल्यापासून. ताई विग बनवते. मागच्या खोलीत, पडद्याआड बसून, जाळीवर एकेक केस गाठ मारून. बाहेर पाटी नाही. आजारपणात केस गेलेल्या बायका येतात, त्यांना पाटी नको असते, मागचं दार हवं असतं. त्यांची मापं, आधीचे फोटो, आत्ताचे फोटो, सगळं एकाच लॅपटॉपवर. मी इथे दोन आठवड्यांसाठी आलो होतो. त्याला सहा महिने झाले. त्याआधी कुरिअर, त्याआधी हॉटेल, त्याआधी बोटी रंगवणं. घरात मला भोवरा म्हणतात. प्रेमाने.

ताईला सांगितलं, लॅपटॉपला एन्क्रिप्शन हवं. म्हणजे आतलं सगळं कुलपात. चोराने नेला तरी त्याच्या हाती नुसता पत्रा. ताई म्हणाली, हे एकदम कुठून सुचलं? म्हटलं, काळच तसा आलाय.

काळ गेल्या गुरुवारी आला. त्याबद्दल नंतर.

४ मार्च
तीन सॉफ्टवेअर शॉर्टलिस्ट केली. नावं अवघड आहेत, चित्रांवरून ओळखतो: ढालवालं, किल्लीवालं, घुबडवालं. उद्या तक्ता करायचा. फायदे, तोटे, शेरा.

आज खरंच करणार होतो, पण कुलपं कशी उघडतात याचा एक व्हिडिओ लागला. मग त्याचा दुसरा भाग. केसाच्या पिनेने कुठलंही कुलूप उघडतं. ताईच्या नऊ पिना गेल्या. भावोजींच्या कपाटाचं कुलूप पिनेने उघडलं नाही आणि आता किल्लीनेही उघडत नाही. भावोजी कालच्याच शर्टात कामावर गेले.  

६ मार्च, गुरुवार. दुपारी
तक्ता झाला. रकाने आखले. रंग दिले. आतलं भरायचंय.

आज बरोबर एक आठवडा. लिहूनच टाकतो, इथे कोण वाचणारे.

गेल्या गुरुवारी लॅपटॉपची बॅटरी बदलून आणायची होती. येताना बस डेपोत पाच मिनिटं टेकलो. मला गाड्यांच्या पाट्या वाचायला आवडतात. कुठली गाडी कुठे जाते, तिथे आपण गेलो तर काय काय करू. अशा दोन-तीन गाड्यांत मनातल्या मनात बसून आलो आणि घरी पोचलो, तर खांद्याला पिशवी नाही. पळत परत. कँटीनवाल्या मावशींनी काउंटरखाली जपून ठेवली होती. त्या एक वही ठेवतात, सापडलेल्या वस्तूंची. नाव, पत्ता, सही घेतल्याशिवाय काही देत नाहीत. मी लिहून दिलं.

मावशी म्हणाल्या, कुणाचा आहे ते कळावं म्हणून उघडून बघितला. ताईने पासवर्ड ठेवलेला नाही, गाठी मारताना बोटं चिकट असतात म्हणून. फोटो समोरच होते. मावशींनी लगेच मिटला. मग म्हणाल्या, "बाळा, घरच्या माणसांचे फोटो असे टाकून जाऊ नयेत."

ती सगळी माझ्या घरची माणसं आहेत असं त्यांना वाटलं. मी मान डोलावली.

ताईला सांगितलं नाही. तिला उगाच त्रास. पण त्या दिवसापासून जेवताना ती मला वाढायला लागली की मी ताटाकडे बघतो.

७ मार्च
गणिताच्या बाई आल्या होत्या. मी पडद्याच्या अलीकडे केर काढत होतो, त्यामुळे ऐकू आलं. ऐकायचं म्हणून ऐकलं नाही. तोच कोपरा तीनदा झाडावा लागला, हे खरं.

बाई सतरा तारखेला, सोमवारी, आठ महिन्यांनी वर्गावर जाणार आहेत. पोरांना कारण माहीत नाही. बाईंच्या कपाळावर, भांगापाशी, केसांचा एक भोवरा होता. कितीही विंचरला तरी उभा राहायचा, पोरं त्यावरून त्यांना काहीतरी म्हणायची. तो भोवरा जसाच्या तसा हवा, नाहीतर पोरं ओळखतील. आधीचे फोटो त्यांनी ताईला दिले आणि स्वतःच्या फोनमधून पुसले. बघवत नव्हते म्हणाल्या. तुमच्यापाशी असू देत. कुणी बघत नाही ना?

ताई म्हणाली, माझ्याशिवाय कुणी नाही.

मी झाडू ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. निश्चय: आजच सॉफ्टवेअर निवडायचं.

८ मार्च, शनिवार
निवडलं. घुबडवालं. तक्त्यात ढालवाल्याला जास्त मार्क पडत होते, पण ढाल काय, कुठल्याही सोसायटीच्या गेटवर असते. घुबड डोळे मिटत नाही. ताईने विचारलं, चांगलं आहे ना? म्हटलं, सखोल अभ्यास केलाय.

पासवर्डचा विचार मात्र खरोखरच केला. इंग्रजी पासवर्ड चोर फोडतात. म्हणून मराठी कीबोर्ड लावून मराठीत टाकला. आणि त्यात ळ. जगातल्या किती चोरांना ळ टाईप करता येतो? ळ म्हणतासुद्धा येत नाही त्यांना. काय टाकलाय ते इथे लिहिणार नाही, नाहीतर सिक्युरिटी कसली. इतकंच लिहितो की तीन ळ आहेत.

घुबड म्हणालं, पासवर्ड विसरलात तर उपयोगी पडेल अशी एक फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि लॅपटॉपपासून दूर ठेवा. घेतली. ताईच्या पेनड्राइव्हला हरवू नये म्हणून तपकिरी केसांची छोटी वेणी बांधलेली आहे. जॅकेटच्या खिशात टाकला. दूर कुठे ठेवायचा ते उद्या ठरवू.

९ मार्च, रविवार
कुलूप लागायला नऊ तास लागतात असं घुबड म्हणतं. तेवढा वेळ नुसतं बघत कोण बसणार. जरा डेपोपर्यंत जाऊन आलो. कँटीनच्या आत गेलो नाही. बाहेरच्या बाकावर. ऊन होतं, जॅकेट काढून ठेवलं होतं. एका गाडीची पाटी मी आजवर वाचलीच नव्हती.

फार दिवसांनी मन हलकं वाटलं. त्या गुरुवारचं पाप फिटलं असं समजायला हरकत नाही.

१० मार्च, सोमवार. सकाळी नऊ
लॅपटॉप सुरू केला. काळा पडदा, मधे घुबड, खाली एक चौकट. पासवर्ड टाका.

टाकला. ळ उमटत नाही. कुठलंच मराठी अक्षर उमटत नाही. मराठी कीबोर्ड आत आहे, कुलपाच्या आत. बाहेरच्या घुबडाला फक्त इंग्रजी येतं.

माझी चूक नाही. त्यांनी सांगायला हवं होतं.

दुपारी
सांगितलं होतं. मी वाचलं नव्हतं. पान चार.

त्याच कळा मराठी समजून दाबल्या. मग L घालून. मग Zh घालून. दर दहा चुकांनंतर घुबड डोळे मिटतं आणि तासभर उघडत नाही. ताईने दोनदा विचारलं. म्हटलं, अपडेट चालू आहे.

चिंता नाही. पेनड्राइव्ह आहे.

संध्याकाळी सहा
पेनड्राइव्ह नाही.

११ मार्च
जॅकेटचे खिसे, अस्तर, गादीखाली, केसांच्या पेट्या, शेल्फवरच्या, विग चढवायच्या अकरा लाकडी डोक्यांच्या मागे. भावोजींच्या कपाटातही बघितलं असतं, पण ते उघडत नाही. डेपोत नसणारच. मी आत गेलोच नव्हतो. आणि मावशींसमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?

ताई: अपडेट अजून? मी: मोठं आहे.

बाजारातल्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने घुबडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, लॅपटॉप नवाकोरा करून देतो. विचारलं, आतलं? म्हणाला, आतलं गेलं. सॉफ्टवेअर फार चांगलं निवडलंय म्हणाला, कुणालाच उघडता येणार नाही. हे कौतुक घरी सांगितलं नाही.

१२ मार्च, बुधवार
ताईला सांगावंच लागलं. अर्धं. पासवर्ड चालत नाही आणि कुलूप उघडणारी फाइल ज्यात आहे तो तिचा पेनड्राइव्ह सापडत नाही, एवढं. तिने काय टाकला होता ते विचारलं. सांगितलं: काळ्याकुरळ्याकेसांचाघोळ. भावोजींना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात घातलं.

ताई हसली नाही. शेल्फकडे बघून म्हणाली, अकरा लाकडी डोकी आहेत, तू बारावा. मला बरं वाटलं, चिडली म्हणजे संपलं. पण मग हळू आवाजात म्हणाली, "तुला भोवरा म्हणते मी. पण डोक्यावरचा भोवरा निदान एका जागी तरी राहतो रे."

दुपारभर तिने बाईंचा भोवरा आठवून आठवून बसवला. उजवीकडे वळणारा. उसवला. डावीकडे वळणारा. उसवला. एका भोवऱ्याला दीडशे गाठी. परवा, शुक्रवारी, बाई घालून बघायला येणार. ताईने मला एकदाच विचारलं, तू फोटो पाहिला होतास का? पाहिला नव्हता. त्या डेपोतल्या मावशींनी पाहिला असेल, मी नाही.

हेही सांगितलं नाही.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी साडेतीन
ठरलं. जायचं. माझ्यामुळे सगळ्यांना त्रास. पिशवी भरली. रविवारी पाटी वाचली त्या गाडीने, पावणेपाचला. ताईसाठी चिठ्ठी ठेवणार, तिच्यात सगळं खरं. गुरुवारचं पण.

पावणेचार
चिठ्ठी अर्धी झाली. गुरुवारपर्यंत आली की पेन थांबतं. "एक छोटी गोष्ट सांगायची राहिली" असं लिहिलं. "छोटी" खोडलं. मग "गोष्ट" पण खोडलं. आता "एक सांगायची राहिली" उरलंय. पडद्याआड ताई तिसऱ्यांदा उसवतेय, कात्रीची टोकं वाजतात.

चार
मागचं दार वाजलं. बाई एक दिवस आधीच आल्या की काय म्हणून फटीतून बघितलं. बाई नाहीत.

डेपोच्या कँटीनवाल्या मावशी. एका हातात ती वही, दुसऱ्यात तपकिरी वेणी लावलेला पेनड्राइव्ह. पत्ता माझ्याच अक्षरात होता, म्हणतात. वेणी बघून फोटो आठवले, म्हणून गाडी बदलून मुद्दाम आल्या.

ताईने त्यांना आधी बसवलं. पाणी दिलं. पेनड्राइव्ह दोन्ही हातांत धरून उभी आहे, डोळ्यांत पाणी. मावशी संकोचून म्हणाल्या, "अहो, त्यात काय एवढं. पोरगं गुणाचं आहे, फक्त परत विसरलं."

ताईने वळून पडद्याकडे बघितलं. विचारतेय, परत म्हणजे?