सात मिनिटांची सुरुवात

प्रिय योगिनी,

देऊळघाटहून तुझ्या बाबाचा आशीर्वाद. फोन सोडून कागद काऊन घेतला म्हणून हसशील. फोनवर माझं तोंड मधातच चालते, बाई. कागदावर मले कोणाचं बोलणं तोडता येत नाही. तीन रविवार झाले, तुझा फोन नाही. निस्ता 'जेवले का' असा मेसेज येते. हाव, जेवलो. सकाळची भाकर संध्याकाळी खाल्ली, एकट्यासाठी दोनदा चूल कोण पेटवते!

शेवटचा फोन आला त्या रविवारी तू कंपनीतला वाद सांगून राह्यली होती. तुमचा मोबाईलवरचा गेम सुरू व्हायच्या आधी दिसते ती सात मिनिटांची गोष्ट तू लिहिली, अन् तुझा साहेब म्हणते, ती सोडून पुढं जायचं बटन पाहिजेच. तू मले मत इचारलं. मी म्हटलं, द्या की बटन, लोकायले टाइम कुठी आहे! मंग तू म्हणाली, बाबा, अजून एक सांगायचं आहे, पण पहिल्यापासून सांगा लागेल. अन् मी म्हटलं, मुद्द्याचं बोल. काही नाही, सहजच, म्हणून तू फोन ठेवला. मी पुन्हा टीव्ही पाहत बसलो.

एकतीस वर्षं मलकापूर गाडीवर कंडक्टरकी केली. बाया सांगाले लागत, पोरीच्या बाळंतपणाले चालली, जावाई असा, इहीणबाई तशी. मी म्हणो, गाव सांगा, गाव! साठ माणसं, पुढच्या स्टॉपच्या आत तिकिटं झाली पाहिजे, माझं तरी काय चुकलं? पण ती सवय घरात आणली, हे चुकलं. तुझी आई गोष्ट सांगे तवा तू हूं म्हणत जाय. हूं थांबलं की ती गोष्ट थांबवे. मले तिनं कधी हूं म्हणाले लावलं नाही. गेली बिचारी, तिच्याही किती गोष्टी राह्यल्या असतील.

परवा शेजारच्या अब्दुल गनीची नात आली, नाजिश, कॉलेजात शिकते. तुमचा गेम मोबाईलवर घेतला म्हणे. मी म्हटलं, दाखव. तिनं उघडला अन् ते बटन दाबून तुझी सात मिनिटं एका बोटानं उडवली! असा भडकलो मी! काव पोट्टे, म्हटलं, माझ्या लेकीनं रात्रंदिवस एक करून लिहिलं ते. तर म्हणे, दादाजी, सब ऐसाच करते. थोड्या वेळानं तीच अडली. गेममधल्या रिकाम्या बसमधी मागच्या सीटवर एक लहान पोरगी झोपली होती. ती कोण, तिले कुठं न्यायचं, काही समजेना. घे, म्हटलं, अजून उडव! मंग तिनं गेम काढून पुन्हा पहिल्यापासून लावला, अन् दोघांनी तुझी सात मिनिटं पाह्यली.

आई दवाखान्यात, म्हणून कंडक्टर बाप पोरीले ड्युटीवर नेते. पोरीले बापाले काही तरी सांगायचं असते. दर स्टॉपवर ती तोंड उघडते, अन् दर स्टॉपवर कोणी ना कोणी चढते. डेपो येते तवा ती झोपलेली असते. तो तुझ्या दुसरीतला उन्हाळा होता, योगिनी. त्यातल्या कंडक्टरची तिकिटाची पेटीबी माझीच, कोपरा चेपलेली. नाजिशनं इचारलं, दादाजी, पोरगी काय सांगणार होती? मले काय माहीत! मी इचारलंच नव्हतं. पोट्टीसमोर रडलो, लपवत नाही.

अन् काल तुझ्या रूमवरच्या काजलचा फोन आला. काका, योगिनीचं असं झालं की... तिचा आवाज जड होता. मी म्हटलं, थांब बाई, ती जिवानं बरी आहे ना, एवढंच सांग. हो म्हणाली. मी फोन ठेवला. जन्मभर मुद्दा मागणारा मी, मुद्दा दारात आला अन् मी घेतला नाही. ते मले तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे. शनिवारी पुण्याच्या गाडीत बसतो, मागच्या सीटवर. दोन दिवस लागले तरी लागू दे, मी हूं म्हणत बसीन. फक्त सुरुवात अलीकडून करू नको. दुसरीतल्या उन्हाळ्यात, त्या गाडीत तुले काय सांगायचं होतं, तिथून सांग.

तुझाच,
बाबा