सैपाकघराच्या दारातून

धर्मापुरी मुक्कामी मंगलच्या बापूंना माजलगावहून छबूचा पाया पडून नमस्कार.

आमी मायलेकी बऱ्या हाव. गावची विहीर आटली म्हणून तुमी आमाला हितं धाडलं, ते बरंच केलं. मंगल रोज आंघोळ करती. आपली गाय चारा खाती का?

तुमचे थोरले दादा साखर कारखान्याचे डायरेक्टर झाल्यापास्नं घरात लई माणसं येतेत. सांजच्याला समदे टीव्हीवरची हसायची मालिका बघतेत. दादांसमोर मला बसता येत न्हाई, म्हणून मी सैपाकघराच्या दारात उभी ऱ्हाते. तिथून टीव्ही दिसत न्हाई, बघणाऱ्यांची तोंडं तेवढी दिसतेत. मालिकेत खेड्यातली धाकटी जाऊ हाय. ती बोलली की समदे हसतेत. जाऊबाई म्हणतेत, "अगदी आपली छबूच!"

मीबी हसते. मनावर घेत न्हाई.

काल मंगल समद्यांपेक्षा मोठ्यांदा हसली, आन् माझ्याकडं बघून एकदम गप झाली. मग जवळ येऊन म्हणली, "आई, उद्या शाळेत तू नको येऊस. काकूला पाठव."

पावसाची वाट बघू नका. पोर अजून माझ्याच कुशीत झोपती, तवर आमाला न्यायला या.

तुमच्या वाटंकडं डोळे लावून बसलेली,
छबू